काळ सोकावू नये म्हणून

फेब्रुवारी १९८२. पोलंडमधलं श्विडनिक, एका कारखान्याभोवती वसलेलं छोटं शहर. दोन महिन्यांपूर्वी देशात लष्करी कायदा लागू झालेला. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे पुढारी स्थानबद्ध होते आणि टीव्हीवर बातम्या देणारे निवेदक चक्क लष्करी गणवेशात बसत होते. संध्याकाळी साडेसातला बातम्या लागल्या की श्विडनिकची माणसं घराबाहेर पडून फेरफटका मारायला लागली. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसतं फिरणं. काहींनी टीव्ही उचलून खिडकीत ठेवला, पडदा रस्त्याकडे करून. काही बहाद्दरांनी तो बाबागाडीत घालून सोबत फिरायला नेला. अधिकाऱ्यांनी मग संचारबंदी रात्री दहाऐवजी सातला सुरू केली. लोकांनी काय करावं? पाच वाजताही एक बातमीपत्र असायचं. ते त्या वेळी फिरायला निघाले.

आता संध्याकाळी पाय मोकळे करायला जाणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसवायचा?

या फिरण्यानं सरकार पडलं नाही, हे आधीच सांगतो. पोलंडमधला लष्करी कायदा उठायला जुलै १९८३ उजाडला, आणि थोड्याफार मोकळ्या निवडणुका व्हायला जून १९८९. म्हणजे सात वर्षं. आंदोलन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लाखोंचा मोर्चा, भरलेलं मैदान, कोसळणारा पुतळा. मधली सात वर्षं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं फार नसतं. बैठका, पत्रकं, कोर्टाच्या तारखा, वर्गणी. हा लेख त्या मधल्या वर्षांबद्दल आहे.

आधी मुळात भांडण कशाचं असतं ते पाहू. आपल्याकडे एक म्हण आहे: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. सरकारनं मर्यादा ओलांडणं म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगणारं वाक्य मला माहीत नाही. एखाद्या संकटात सरकारनं जास्तीचे अधिकार घेतले, तर बहुतेक वेळा त्याला कारण असतं. युद्ध असतं, दंगल असते, साथ असते. लोकही कुरकुर करत नाहीत. प्रश्न पुढे सुरू होतो. संकट ओसरतं आणि अधिकार तसेच राहतात, कारण एव्हाना ते सोयीचे झालेले असतात.

श्रीलंकेत १९७९ साली दहशतवादविरोधी कायदा झाला. त्याच्या नावातच कंसात ‘तात्पुरत्या तरतुदी’ असे शब्द आहेत. मुदत तीन वर्षांची होती. १९८२ मध्ये ती मुदतच काढून टाकली गेली, आणि ‘तात्पुरत्या’ तरतुदींनी पुढे चाळिशी ओलांडली. इजिप्तमध्ये १९८१ साली राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या हत्येनंतर आणीबाणी लागली. ती २०१२ च्या मे महिन्यात संपली. त्या देशात एक अख्खी पिढी आणीबाणीत जन्मली, शिकली, नोकरीला लागली. तिच्या दृष्टीनं तीच नेहमीची परिस्थिती होती.

ही उदाहरणं जरा भडक वाटतील. म्हणून एक सौम्य उदाहरण घेऊ, ज्यात कुणीच खलनायक नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये ब्रिटननं प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र दिलं. युद्ध १९४५ ला संपलं. ओळखपत्रं चालूच. डिसेंबर १९५० मध्ये लंडनला क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांची गाडी एका पोलिसानं वेगाच्या कारणावरून थांबवली आणि ओळखपत्र मागितलं. विलकॉक यांनी ते दाखवायला नकार दिला. खटला झाला, अपिलात विलकॉक हरले. कायदा अजून जिवंत होता, त्यामुळे दुसरा निकाल लागणं कठीणच होतं. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी त्या निकालातच सुनावलं, की युद्धासाठी केलेला कायदा असा भलत्या कामाला वापरला तर कायदा पाळणारी माणसंच कायदा मोडणारी ठरतात. यावरून गदारोळ झाला, लोकांनी मोहीम चालवली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये सरकारनं ओळखपत्रं रद्द केली.

त्या पोलिसाचा यात काही दुष्ट हेतू नव्हता. ओळखपत्र मागायची सवय झाली होती, म्हणून त्यानं मागितलं. काळ सोकावतो तो असा, सवयीनं.

मग प्रत्येक निर्बंध म्हणजे अतिरेक का? नाही. साथीच्या काळात गर्दी नको म्हणणं, मोर्चाला रुग्णालयाचा रस्ता सोडायला सांगणं, रात्री भोंगे बंद करणं, यात काही गैर नाही. निर्बंध रास्त की अरास्त हे तपासायला जगभरची न्यायालयं साधारण सारखेच प्रश्न विचारतात. याला कायद्याचा आधार आहे का, की नुसता तोंडी हुकूम? हेतू खरा आहे का? तोच हेतू यापेक्षा कमी त्रासात साधला असता का? आणि तो लेखी, जाहीर आहे का, म्हणजे त्याला आव्हान देता येईल? माझ्या मते यात आणखी एक प्रश्न सगळ्यात वरती हवा: हे संपणार कधी? ज्या आदेशावर शेवटची तारीख नाही, तो पाहून कान टवकारावेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात हेच सूत्र मांडलं. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध करावे लागतील, आणि जमावबंदीचे आदेश एकामागून एक काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. निकालात हे सगळं आलं. मात्र इंटरनेट त्याच दिवशी सुरू करा असा हुकूम त्यात नव्हता. तत्त्व जिंकतं आणि माणूस वाट पाहत राहतो, हे अशा निकालांत बऱ्याचदा दिसतं.

इथे कुणीही विचारेल, राज्यघटना आहे, न्यायालय आहे, मग रस्त्यावर यायचंच कशाला? कारण कधी कधी कुंपणच शेत खातं. भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला निदान न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी ‘नाही’ म्हटलं. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आलं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कलमातला एक शब्दही तेव्हा बदललेला नव्हता. कागद तोच होता, तो राखणारे हात थरथरले. दुरुस्ती झाली ती १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलल्यावर. ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीच्या कारणांतले ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं ठरवलं. न्यायालयानं स्वतःचा तो निकाल रद्द केला २०१७ साली. एक्केचाळीस वर्षांनी.

आता लांब पल्ल्याच्या आंदोलनाच्या गाभ्याकडे येऊ. सरकारकडे पोलीस आहेत, सैन्य आहे, तुरुंग आहेत, पैसा आहे. लोकांकडे काय आहे? या प्रश्नाचं उत्तर एका साध्या निरीक्षणात आहे. राज्यकर्त्याला स्वतःचे दोनच हात असतात. बाकीचं सगळं दुसऱ्यांच्या हातांनी होतं. आदेश टाइप करणारा कारकून, गाडी चालवणारा चालक, बातमी वाचणारा निवेदक, वीज चालू ठेवणारा अभियंता, बंदूक रोखणारा शिपाई. यातल्या पुरेशा माणसांनी ‘हे मी करणार नाही’ म्हटलं, किंवा नुसतंच ढिलाईनं केलं, की हुकूम कागदावर राहतो.

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या बाजूनं मतमोजणीत गोलमाल चालला होता. आकड्यांची नोंद करणाऱ्या संगणक कर्मचाऱ्यांना दिसलं, की आपण भरतो ते आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत. ९ फेब्रुवारीला त्यातले तीस-पस्तीस जण उठले आणि चालते झाले. त्यात बऱ्याच तरुण मुली होत्या. त्यांनी दगड उचलला नाही, भाषण केलं नाही. पण त्या मोजणीवरचा उरलासुरला विश्वास त्यांच्याबरोबर दाराबाहेर गेला. रस्त्यावरचा जनसमुदाय आणि सैन्यातली फूट हे नंतरचं. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले.

म्हणजे आंदोलन हे राजाच्या सिंहासनाशी कमी आणि त्या सिंहासनाचे पाय धरून उभ्या असलेल्या माणसांशी जास्त बोलत असतं. शिपायाला आपला भाऊ गर्दीत दिसला पाहिजे. कारकुनाला वाटलं पाहिजे, की उद्या हे लोक जिंकले तर माझ्यावर सूड उगवणार नाहीत. हिंसा टाळायची ती नीतीसाठी तर खरीच, पण त्यामागे हा रोकडा हिशेबही आहे. पहिला दगड पडला की शिपायाला भाऊ दिसेनासा होतो, समोर फक्त दगड दिसतो. म्हणूनच तो पहिला दगड मारणारा माणूस कधी कधी समोरच्यांनीच पेरलेला असतो. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी सत्तर हजार माणसं रस्त्यावर आली, तेव्हा हजारो सशस्त्र जवान तयार उभे होते. बऱ्याच लोकांच्या हातात मेणबत्ती होती. मेणबत्तीची गंमत अशी, की एक हात ती धरायला लागतो आणि दुसरा ज्योत वाऱ्यापासून वाचवायला. दगडासाठी हात मोकळाच राहत नाही. गोळी सुटली नाही. महिनाभरानं, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. हे मोर्चे ज्या निकोलाय चर्चमधून निघत, तिथल्या सोमवारच्या प्रार्थना मात्र १९८२ पासून चालल्या होत्या, सुरुवातीच्या काळात तर अगदी मोजक्या माणसांत.

या सगळ्याची कुणी मोजदाद केली आहे का? केली आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या लढ्यांची तुलना केली. सशस्त्र लढ्यांपैकी साधारण २६ टक्के यशस्वी झाले, निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के. याच कामातून ‘लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक उतरले की सरकार टिकत नाही’ हे वाक्य जगभर पसरलं. ते जपूनच वापरावं. तो जुन्या लढ्यांतून दिसलेला कल आहे, निसर्गनियम नव्हे. बहारीनमध्ये २०११ साली त्याहून मोठा जनसमुदाय उतरूनही सत्ता हलली नाही. आणि चेनोवेथ यांनीच पुढे दाखवून दिलं, की २०१० नंतर निःशस्त्र लढ्यांच्या यशाचं प्रमाण ३४ टक्क्यांच्याही खाली आलं.

असं का व्हावं? एक कारण म्हणजे सरकारंही शिकतात. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी लाखाचा मोर्चा काढायचा तर आधी वर्षभर गल्लोगल्ली फिरावं लागे. त्या फिरण्यातून माणसं एकमेकांना ओळखत, कोण शब्दाला पक्का आणि कोण नुसता बोलघेवडा हे कळे. आज एका संदेशावर लाख माणसं जमतात. पण ओळख नसलेली लाख माणसं दुसऱ्या दिवशी पाच वाजता काय करायचं हे ठरवू शकत नाहीत. मोर्चा मोठा दिसतो, मुळं उथळ असतात.

आणि सरकारला हे नेमकं माहीत असतं. पेचात सापडलेल्या सरकारचं सगळ्यात स्वस्त हत्यार लाठी नव्हे, वेळ आहे. समिती नेमायची. चर्चेला बोलवायचं आणि तारीख पुढे ढकलायची. शंभर जणांवर किरकोळ गुन्हे दाखल करायचे, म्हणजे वर्षभर त्यांचं येणं-जाणं न्यायालयातच. परवानगी द्यायची, पण गावाबाहेरच्या मैदानाची. घोंगडं भिजत ठेवायचं आणि वाट पाहायची. लोकांना नोकऱ्या असतात, परीक्षा असतात, आजारी आईवडील असतात. थकणारच.

हा थकव्याचा सामना कसा जिंकतात ते अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात फार जवळून पाहता येतं. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रकं छापून काढली. आवाहन एकाच दिवसाच्या बहिष्काराचं होतं, ५ डिसेंबरचं. तो दिवस कडकडीत पाळला गेला, तेव्हा संध्याकाळच्या सभेत चालू ठेवायचं ठरलं. मागण्याही आज वाचल्या तर थक्क व्हावं इतक्या साध्या होत्या. चालकांनी सौजन्यानं वागावं, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक घ्यावेत, आणि गोऱ्यांनी पुढून, आम्ही मागून, जो आधी येईल त्यानं बसावं. बसमधला वर्णभेदच मोडा असंही सुरुवातीला म्हटलेलं नव्हतं. सरकारनं एवढंही नाकारलं आणि मागणी मोठी झाली. हे नेहमी होतं. लहान मागणीला दिलेला नकार मोठ्या मागणीसाठी माणसं जमवून देतो.

आता रोजचा प्रश्न आला. हजारो माणसं उद्या सकाळी कामावर जाणार कशी? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच दरात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेलं. शहर प्रशासनानं टॅक्सीचं किमान भाडं पंचेचाळीस सेंट असल्याचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग खासगी गाड्यांची आळीपाळी सुरू झाली. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, वेळापत्रक. पोलीस किरकोळ कारणांवरून चालकांना दंड करू लागले. स्थानिक कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवला गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये बहिष्कारविरोधी जुना कायदा उकरून काढून ऐंशीहून अधिक जणांवर खटले भरले. पेट्रोलला पैसे हवेत, म्हणून जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायकांचा एक गट केला. त्या घरी पदार्थ करून विकत आणि पैसे सभेत आणून देत. गटाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘कुठलाच नसलेला क्लब’. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर खरंच देता यावं: कुठूनच नाही. ज्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, त्यांची नावं अशी झाकली गेली.

१३ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी दोन निर्णय आले. गाड्यांची ही व्यवस्था बेकायदा ठरवून थांबवा, असा मनाई हुकूम शहराला स्थानिक न्यायालयातून मिळाला. आणि वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. हुकूम प्रत्यक्ष पोचेपर्यंत आणखी महिना गेला, गाड्या बंद, लोक पायी. २० डिसेंबरला बहिष्कार उठला. ३८१ दिवस.

या हकिगतीत मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं आहेतच, ती थोर आहेत. पण भाषणानं माणूस एक दिवस चालतो. पुढचे ३८० दिवस चालवतात ते वेळापत्रक सांभाळणारे, विमा शोधणारे, आणि चार पैसे जमवून आणणाऱ्या बायका. न्यायालयातली लढाई रस्त्यावरच्या लढाईला पर्याय नव्हती. एक चालू होती म्हणून दुसरीला दम मिळाला.

टिकण्याचा दुसरा मार्ग याच्या अगदी उलटा आहे: कृती इतकी लहान ठेवायची, की ती आयुष्यभर करता यावी. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं हजारो माणसं गायब केली. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया ब्यूनस आयर्समधल्या प्लाझा द मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, आपली मुलं कुठे आहेत हे विचारायला जमल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, थांबायचं नाही, चालत राहा. त्या दोघी-दोघी हात धरून चालायला लागल्या आणि चौकातल्या स्मारकाभोवती फेऱ्या मारू लागल्या. पोलिसांचा हुकूम तर त्या पाळत होत्या! पुढे वार ठरला गुरुवार, वेळ दुपारी साडेतीन. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं फडकं बांधलं, सुरुवातीला ते तान्ह्या बाळाच्या लंगोटाचं कापड होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या म्होरक्या असुसेना विजाफ्लोर यांना पळवून नेऊन ठार मारलं गेलं; अवशेषांची ओळख पटायला २००५ साल उजाडलं. फेऱ्या थांबल्या नाहीत. राजवट १९८३ मध्ये गेली, त्यानंतरही थांबल्या नाहीत.

धोका कमी असलेल्या कृतीची आणखी एक बाजू आहे. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीतल्या चिलीत मे १९८३ मध्ये तांब्याच्या खाणकामगारांनी संप पुकारला होता. खाणींभोवती सैन्याचा वेढा पडला. संप केला असता तर रक्तपात अटळ होता. त्यांनी आदल्या दिवसांत बेत बदलला. काम सावकाश करा, मुलांना शाळेत पाठवू नका, आणि रात्री आठ वाजता घरातूनच भांडी वाजवा. त्या रात्री सांतियागो शहर दणाणलं. दहा वर्षं प्रत्येक घर आपापल्या भीतीत एकटं होतं. शेजारच्या खिडकीतून थाळीचा आवाज आल्यावर कळलं, की हेही आपल्यातलेच.

एक अवघड मुद्दा टाळून चालणार नाही. रस्ता अडवला की त्रास मंत्र्याला कमी आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला जास्त होतो. आंदोलन म्हणजे थोडी गैरसोय आलीच; कुणाचीच गैरसोय न करणारा निषेध कुणाच्याच लक्षात येत नाही. पण ती किती दिवस आणि कुणाची, हा हिशेब आंदोलकांनीही ठेवावा लागतो. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं. मला तो निकाल पूर्ण पटत नाही, कारण ‘नेमून दिलेल्या जागी निषेध करा’ यात नेमून देणारं सरकारच असतं. तरी कुंपणावर बसलेल्या माणसाला रोज दोन तास उशीर करवून तो आपल्या बाजूला येत नाही, एवढं खरं.

आणि सगळं नीट करूनही हार होते. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर लोक महिनोन्‌महिने, दर रविवारी, त्या देशानं कधी पाहिली नव्हती एवढ्या संख्येनं उतरले. शिस्तीत, निःशस्त्र. पोलीसदल फुटलं नाही, शेजारच्या रशियानं पाठबळ दिलं, हजारोंना अटक झाली. सत्ता जागची हलली नाही. लोक कुठे चुकले, असं विचारणारे बरेच भेटतात. कधी कधी समोरची भिंतच जाड असते.

जिंकल्यावर काय उरतं, हे पाहायचं तर दक्षिण कोरियात. ऑक्टोबर २०१६ पासून दर शनिवारी तिथे मेणबत्त्या घेऊन लोक जमत राहिले. राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांच्यावर संसदेनं डिसेंबरमध्ये महाभियोग मंजूर केला, मार्च २०१७ मध्ये घटना न्यायालयानं त्यांना पदावरून दूर केलं. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले. सात वर्षं गेली. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष युन सक-योल टीव्हीवर आले आणि त्यांनी लष्करी कायदा जाहीर केला.

माणसं संसदेकडे धावली. काही जण लष्करी गाड्यांपुढे उभे राहिले. संसदेचे अध्यक्ष कुंपणावरून चढून आत गेले, आतल्या कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या दाराला लावून सैनिकांची वाट अडवली. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास हजर असलेल्या सर्व १९० सदस्यांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूनं मत दिलं, आणि पहाटेपर्यंत तो उठला. एकूण सहा तास. पुढचे चार महिने लोक पुन्हा रस्त्यावर होते, बर्फातसुद्धा. तरुण मुलींच्या हातात मेणबत्तीऐवजी गाण्यांच्या कार्यक्रमात उंचावतात ते रंगीत दिवे. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी युन यांना पदच्युत केलं. संसदेला त्या रात्री इतक्या लवकर ठराव करता आला तो कशामुळे, हेही न्यायाधीशांनी त्या निकालपत्रात नोंदवून ठेवलं आहे: नागरिकांनी केलेला प्रतिकार, आणि सैनिक व पोलिसांनी हुकूम बजावताना केलेली चालढकल.